‘द्यान’ म्हणजे काय? इंदूरच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
इंदूरमधल्या मराठी मंडळांचे कार्यकर्ते, भजनी मंडळांतल्या आणि भिशीतल्या मैत्रिणी, आणि ज्येष्ठ नागरिक संघांत रोज सकाळी दोन्ही हात वर करून मोठ्याने हसणारे सगळे.

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मी आधी एका सरकारी खात्याला लिहायला घेतलं होतं. दोन पानं झालीही होती. मग वाचून बघितलं, तर त्यातली निम्मी वाक्यं त्या खात्यापेक्षा मला आणि तुम्हालाच जास्त लागू पडत होती. म्हणून वरचा पत्ता खोडला आणि तुमचा घातला.

गोष्ट रंगपंचमीनंतरच्या रविवारची. नातीला गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, दाखवायला राजवाड्यावर नेलं होतं, तो जांभळा रंग तीनदा डोकं धुऊनही तिच्या कानामागे तसाच होता. लेक-जावई झोपलेले, आणि ही मात्र सहालाच उठून माझ्या उशाशी. म्हटलं चल, फिरून येऊ. आमचा रोजचा रस्ता ठरलेला आहे: दुधाचं दुकान, गणपतीचं देऊळ, परत. त्या दिवशी देवळापाशी रस्त्यात काटेसावरीचं फूल पडलेलं होतं. तांबडंभडक, मांसल, हातात घेतलं की थंड लागणारं. तिने ते उचललं. दहा पावलांवर दुसरं होतं. मग तिसरं. असं एकेक वेचत आम्ही ट्रान्सफॉर्मरच्या मागच्या गल्लीत शिरलो. या कॉलनीत मला अकरा वर्षं झाली, पण त्या गल्लीत मी एकदाही पाऊल टाकलेलं नव्हतं.

गल्ली संपते तिथे लोखंडी फाटक आहे. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. वर कमान. कमानीवर पत्रा कापून केलेली अक्षरं बसवली असणार, त्यातली आता उरलेली एवढीच: ‘द्यान’.

“आजी, द्यान म्हणजे काय?”

ती दुसरीत आहे. शाळा इंग्रजी, मैत्रिणी हिंदी, आणि मराठी माझ्या वाट्याला, दुपारी तीन ते पाच. मला वाटलं ‘ध्यान’ लिहिलेलं असेल, म्हणून नीट वाच म्हणत मीच तिला दटावलं. तिने नुसतं बोट वर केलं. वाचलेलं बरोबर होतं. ‘उ’ पडला होता आणि त्याच्या आधीचं नावही गेलं होतं. कुणाच्या नावाचं हे उद्यान, ते आसपास चार जणांना विचारलं. तिघांनी तीन नावं सांगितली आणि चौथ्याने विचारलं, कोणता बगीचा?

फाटकाच्या डाव्या बाजूला कुंपणाचे दोन गज कुणीतरी वाकवून ठेवलेत. तिथली माती तुडवून गुळगुळीत झालेली, म्हणजे ये-जा आहे. नात मांजरासारखी आत गेली. मी आडवी होऊन, पोट आत ओढून, पदर दातात धरून कशीबशी गेले. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या बाईने बगीच्यात चोरवाटेने शिरावं हे मला त्या क्षणी फारसं शोभलं नाही. पण आत गेल्यावर मी ते विसरले, कारण समोर काटेसावरीचं ते झाड होतं. पान एक नाही, सगळं अंग लाल, आणि त्यावर मैना, बुलबुल, कावळे यांचा असा काही गोंधळ की लग्नघरात सकाळी चहा उशिरा आला तर जसा असतो तसा.

बगीचा एकेकाळी कुणीतरी जीव लावून केलेला आहे, हे लगेच कळतं. करंजाची रांग आहे, दोन बहावे आहेत, एक मोठा शिरीष आहे. पायवाटेच्या कडेने तिरप्या विटा बसवलेल्या आहेत, आपल्या लहानपणी असायच्या तशा, दातेरी. आता पायवाट पाल्याखाली गेलीय, विटांची टोकं तेवढी वर दिसतात. दोन झोपाळ्यांच्या साखळ्या आहेत, बसायच्या फळ्या नाहीत. व्यायामाची यंत्रं बसवलीत, त्यातल्या एका सायकलचं एकच पायडल शिल्लक आहे आणि वाऱ्याने ते अर्धा फेरा घेऊन परत येतं.

आणि घसरगुंडी. नात तिला फिसलपट्टी म्हणते, इथली सगळीच मुलं म्हणतात. लांबून छान दिसली, पिवळी. ती शिडी चढून वर गेलीसुद्धा. मी खालच्या टोकाला तिला धरायला म्हणून वाकले आणि तिथला पत्रा पाहिला. शेवटचा वीतभर भाग गंजून पार जाळी झालेला, कडा करपलेल्या पापडासारख्या, वर वळलेल्या. वरून ते दिसतच नाही. वरून दिसतं ते फक्त पिवळं. “खाली उतर, शिडीनेच उतर,” म्हणून मी ओरडले, ती रडवेली झाली, आणि आमचा सुंदर रविवार तिथे पाच मिनिटं बिघडला. ज्याने कुणी गेल्या पाच-सात वर्षांत ‘बगीच्याची पाहणी केली’ अशी सही केली असेल, तो वाकला नव्हता एवढं नक्की.

बगीच्याच्या पलीकडच्या टोकाला दगडी भिंत आहे, कमरेएवढी. तिच्या मधोमध तीन पायऱ्या उतरतात आणि चौथी पाण्यात जाते. पाणी काळपट हिरवं, अर्ध्या पात्रावर जलकुंभी. वास येत होता, तो लपवून सांगत नाही. एका तुटक्या प्लॅस्टिकच्या पाइपाच्या तोंडाशी खंड्या बसला होता. निळा पंख, तपकिरी डोकं, छातीवर पांढरा शर्टफ्रंट लावल्यासारखा. आम्ही बघत असतानाच त्याने सूर मारला आणि काहीतरी चोचीत घेऊन वर आला. म्हणजे त्या पाण्यात काहीतरी जिवंत आहे.

“आजी, ही नदी आहे का नाला?”

नदी, मी म्हटलं. कान्ह.

“मग सगळे नाला का म्हणतात?”

या प्रश्नाचं उत्तर मी तिला त्या दिवशी दिलं नाही. आता तुम्हाला देते, कारण तुमच्यातले निम्मे माझ्याच वयाचे आहेत आणि आपण सगळ्यांनी हे होताना पाहिलं आहे. आपल्या लहानपणी ती ‘खान नदी’ होती. पाट्यांवर आता कान्ह लिहितात, पाण्याला दोन्ही नावांचं काही नाही. हे शहरच मुळात कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांच्या आधाराने बसलं. इंद्रेश्वराचं देऊळ, राव नंदलाल मंडलोईंनी १७१६ मध्ये वसवलेलं जुनं इंदूर, पुढे होळकरांचा राजवाडा, सगळं याच पाण्याच्या आसपास. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आठवा. कृष्णाबाई, दुसरे तुकोजीराव आणि शिवाजीराव यांची स्मारकं मुद्दाम काठावर बांधली. लालबाग राजवाडाही नदीकाठीच. राजे लोक काही नाल्याकाठी राजवाडा बांधत नाहीत.

मग पाणी कमी पडू लागलं. १९७० साली ‘नर्मदा आणा’ म्हणून आंदोलन झालं. आमच्या वडलांनी मोर्चात चप्पल हरवली, ती कथा घरात वीस वर्षं चालली. १९७८ मध्ये जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून, घाट चढवून नर्मदा शहरात आली. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. नळाला हात लावून आजीने नमस्कार केला होता. तिचं चुकलं नव्हतं, पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. बाहेरून आलेलं पाणी घरात शिरतं, तसं वापरून बाहेरही पडतं. ते जायचं कुठे? जी नदी आता प्यायला लागत नव्हती, तिच्यात. नर्मदेचं एकेक वाढीव पाइप म्हणजे कान्हेत एकेक वाढीव गटार. त्याच काळात घरांनी तोंडं फिरवली. नव्या कॉलन्यांतली स्वयंपाकघरं, मोऱ्या, कचऱ्याच्या बादल्या नदीच्या बाजूला गेल्या आणि बैठकीच्या खोल्या रस्त्याच्या. ज्याच्याकडे आपली पाठ असते त्याला नाला म्हणणं सोपं जातं. आणि कान्ह इथेच संपत नाही. ती सांवेरवरून उज्जैनला जाऊन क्षिप्रेला मिळते. २०१६ च्या सिंहस्थासाठी तिचं पाणी बंद पाइपांतून वळवावं लागलं, कारण आपलं सांडपाणी साधूंच्या स्नानाला नको. २०२८ च्या सिंहस्थासाठीही तेच काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर काढलंय.

इथे एक कबुली दिली पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. शहराने काहीच केलं नाही असं नाही. २०१७ ते २०२३ असा सलग सात वेळा देशातलं सर्वांत स्वच्छ शहर म्हणून आपला नंबर लागला. २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ हा सांडपाण्याच्या व्यवस्थेसाठीचा दर्जा मिळवणारं आपलं देशातलं पहिलं शहर. त्यासाठी नदीत उघडणारी हजारो घरांची सांडपाण्याची तोंडं शोधून बंद केली गेली, हे काम काही सोपं नव्हतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की सराफ्यात रात्री एक वाजता खाऊन झाल्यावर आपण त्यांना अभिमानाने रस्ता दाखवतो, बघा, कागद सापडतो का. मीही दाखवते. पण पाहुण्यांना आपण कधी नदीवर नेत नाही. हे मला त्या पायऱ्यांवर उभं असताना पहिल्यांदा जाणवलं.

त्यानंतर मी थोडं वाचन केलं. निवृत्त माणसाला वेळ असतो. त्यातून दोन गोष्टी हाती लागल्या, त्या तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली पॅट्रिक गेडिस यांची. स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ, पुढे नगररचनाकार झाले. होळकर दरबाराने त्यांना बोलावलं आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन भागांत छापला गेला. त्या काळी शहरात प्लेग वरचेवर यायचा. गेडिसांनी काय करावं? दिवाळीत मिरवणूक काढली. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस, सहा फुटी प्लेगचा उंदीर, तारांवर थरथरणारे मोठाले डास, आणि त्यांच्या मागून पांढरे स्वच्छ कपडे घातलेले, झाडूंना फुलं बांधलेले सफाई कामगार. खरी गंमत पुढे आहे. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार ते आधी सांगितलंच नाही. एवढंच जाहीर केलं, की ज्या रस्त्यावरची घरं सर्वांत जास्त झाडली-रंगवली जातील, त्या रस्त्याने ती जाईल. मग काय, गावभर झाडू हलले! गेडिसांना नदी हा शहराचा कणा वाटत होता. काठाने बागा असाव्यात, लोकांनी तिथे यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि त्यांचा एक विचार मला फार आवडला. युरोपातली शहरं सगळं गटारात ढकलतात, हिंदुस्थानातल्या खेड्यांनी मात्र सगळं मातीला परत द्यायची रीत सांभाळली आहे, तीच शहराने धरावी. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एक परका माणूस आपल्याला आपलीच रीत सांगून गेला, आणि आपण गटार निवडलं.

दुसरी गोष्ट कृषी महाविद्यालयाच्या आवारातली. १९२४ मध्ये तिथे वनस्पती-संशोधनाची संस्था सुरू झाली, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख. १९३१ पर्यंत त्यांनी इथे पालापाचोळा, शेण, राख आणि गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती यांच्यापासून खत करायची पद्धत बसवली. जगभरातले सेंद्रिय शेतीवाले तिला आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणतात. १९३१ साली त्यावर पुस्तक निघालं, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या शेजारी दुसरं नाव आहे यशवंत वाड. आपल्यातले किती जण हे नाव ओळखतात? मी ओळखत नव्हते. आपल्या मंडळांच्या भिंतींवर एवढ्या तसबिरी लागल्या आहेत, त्यांत वाडांची एकही मी पाहिलेली नाही. असेल तर कळवा, मला खरंच आनंद होईल.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दुसऱ्यांदा बगीच्यात गेले, आणि माळीदादा भेटले. साठीचे असतील. त्यांच्याकडे चार बगीचे आहेत, या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवार. त्यांनी पाल्याचा ढीग केला होता आणि काडी लावली होती. सोसायटीतल्या बाईच्या आवाजात मी म्हणणारच होते, की घनकचरा नियमांत उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. तेवढ्यात त्यांनी धुरातून बाजूला होत मला बसायला जागा करून दिली, आणि तो आवाज मी गिळला. पाला उचलायला गाडी येत नाही, ते म्हणाले. ढीग ठेवला तर साप होतात म्हणून लोक ओरडतात, जाळला तर धूर होतो म्हणून ओरडतात. मग कोण ओरडतं, इथे तर कुणी येत नाही, मी विचारलं. ते हसले. “वोज तो, माताजी. यां कोई नी आवे. बस ऊपर से चिल्लावे.” आणि त्यांनी मागच्या इमारतीच्या बाल्कन्यांकडे हात केला. त्यातली एक बाल्कनी माझ्या ओळखीची होती.

ज्या शहराच्या नावाने पाल्याचं खत करायची पद्धत जगभर ओळखली जाते, त्या शहरात पाला जळत होता. माळीदादांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. मलाच कुठे माहीत होतं?

त्याच दिवशी तो बाक दिसला. करंजाच्या रांगेच्या शेवटी, गारवेलीच्या खाली गेलेला. नातीने वेल ओढली तसा आत संगमरवर निघाला आणि त्यावर अक्षरं. हिंदी असेल म्हणून मी वाचायला लागले तर मराठी: ‘ती. आईच्या स्मरणार्थ, तिच्या मुलांकडून’. खाली सन एकोणीसशे ऐंशी आणि पुढे टवका उडालेला. आडनाव लिहीत नाही, पण ते तुमच्या सभासद यादीत नक्की असेल, माझ्या भिशीत तर आहेच. म्हणजे कुणाची तरी आई इथे संध्याकाळी येऊन बसत होती. मुलांना वाटलं, तिच्या नावाचं काही करायचं तर देवळात नको, इथे करावं. त्या मुलांची मुलं आता बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला असतील. त्यांचा दोष नाही. पण बाक इथेच आहे, आणि आपणही. हे पत्र तुम्हाला का, याचं उत्तर त्या बाकावर आहे.

आता तक्रारीचं. केली हो, तीही केली. फोटो जोडले, घसरगुंडीचा गंज जवळून काढून पाठवला, फाटक बंद असतं हेही लिहिलं. चार दिवसांनी फोनवर निरोप आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. मी आणि नात उड्या मारत गेलो. फाटकावर नवं कोरं कुलूप होतं. पितळी, जाडजूड. कोळ्याचं जाळंही साफ केलेलं. खोटं कशाला बोलू, मी फाटकाला टेकून पाच मिनिटं हसले. नंतर वाईट वाटलं. ज्या कुणी ते कुलूप लावलं त्याला खरंच वाटलं असेल, की काम झालं. कागदावर ‘गेट’, ‘कुलूप’, ‘खराब’ हे तीन शब्द दिसले असतील आणि त्याने ते इमानदारीने जोडले असतील. ज्या जागी माणूस येत नाही, त्या जागेची तक्रारसुद्धा कुणाला समजत नाही.

म्हणूनच तुमच्याकडे मागणं आहे, आणि ते स्वच्छता मोहिमेचं नाही. कृपा करून मोहीम काढू नका. टोप्या, हातमोजे, बॅनर, पार्षदांच्या हस्ते पहिला झाडू, मग पोहे-जिलेबी, आणि पुढच्या रविवारी पुन्हा कोळ्याचं जाळं. हे आपण सगळ्यांनी केलं आहे, मीही बॅनर धरलेला आहे. त्यापेक्षा जे तुम्ही एरवी करताच, त्यातलं एक काहीतरी इथे आणा. भजनी मंडळाने गुरुवारचं भजन महिन्यातून एकदा करंजांखाली करावं. ज्येष्ठ संघाने आठवड्यातला एक दिवस इथे हसावं, पक्षी घाबरणार नाहीत, ते तुमच्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. भिशीतल्या बायकांनी एक भिशी सभागृहाऐवजी त्या बाकाभोवती करावी. मंडळांच्या बालवर्गांनी मुलांना आणावं, श्लोक इथेही म्हणता येतात. मंडळाला सभागृहाचं भाडं वाचेल, हा मुद्दा खजिनदारांसाठी.

कुणी म्हणेल, वास येतो. येतो. मार्च-एप्रिलमध्ये जास्त, पाऊस पडला की कमी. डास आहेत, ओडोमॉस लावा. संध्याकाळी कोपऱ्यात बाटल्या घेऊन काही पोरं बसतात, हेही खरं. म्हणून मी सकाळ म्हणतेय. तसंही, ती पोरं तिथे बसतात कारण तिथे कुणी बसत नाही. माझ्या भिशीतल्या एकीने विचारलं, की नदी साफ झाल्यावर गेलं तर नाही का चालणार? मी तिला म्हटलं, दवाखान्यात माणसाला भेटायला आपण तो बरा झाल्यावर जातो का? ती रागावली, पण एका रविवारी आली.

ज्या खात्याकडे हा बगीचा आहे, तिथल्या कुणाच्या हाती हे पत्र पडलंच, तर त्यांच्यासाठी एवढंच: सकाळी सहा ते नऊ फाटक उघडं ठेवा. घसरगुंडीचं खालचं टोक कापून नवं बसवा, नाही जमलं तर निदान शिडी काढून घ्या, सुट्टीत कुणाचं तरी मूल त्या गजांतून शिरणारच आहे. माळीदादांना नळी आणि पाणी द्या. शहरातल्या कितीतरी बगीच्यांना शुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी मिळतं, इथे अजून ते बादलीने घालतात, नदी दहा पावलांवर असून.

पाल्याचं आम्ही सुरूही केलंय. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माळीदादांनी शिरीषाच्या सावलीत गुडघाभर खोल खड्डा खणला. वीतभर पाला, त्यावर देवळातल्या गाईच्या शेणाचा काला, थोडी राख, थोडी माती, पाणी, पुन्हा पाला. वाडांनी आणि हॉवर्डांनी सांगितलंय तसं पंधरवड्याने एकदा उलथायचं, महिन्याने दुसऱ्यांदा, दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. पहिल्यांदा उलथताना नातीने हात घातला आणि “आजी, गरम आहे!” म्हणून झटकला. खरंच गरम होतं, भाकरीच्या तव्याशेजारी हात नेल्यासारखं. माळीदादांनीही घातला, मग मी. तिघं जण पाल्यात हात घालून उभे होतो, कुणी बघितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तिसरं उलथणं परवा झालं. आता गरम नाही. काळं, भुसभुशीत, मृगाच्या पहिल्या सरीनंतर येतो त्या वासाचं. पानांच्या शिरा काही ठिकाणी अजून दिसतात.

‘उ’ही सापडला. चोरीला वगैरे गेला नव्हता. माळीदादांच्या खोपटाच्या दाराशी लिंबाच्या बुंध्याला तो उलटा ठोकलेला आहे आणि त्याच्या वळणात त्यांची डब्याची पिशवी टांगलेली असते. नातीने ओळखला, उलटा असूनही. द्या की परत, ती म्हणाली. ते म्हणाले, खुशाल घ्या, पण आधी मला दुसरा खिळा आणून द्या. खिळा आम्ही आणलाय. आता कमानीवर चढून वेल्डिंग करणारा कुणी ओळखीचा असेल तर सांगा.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला मी आणि नात तिथे असू. फाटकाशी थांबू नका, ते बंदच असेल. डाव्या हाताला वळा, वाकलेले दोन गज दिसतील. साडी नेसून येऊ नका, पंजाबी ड्रेस बरा. ज्यांना आडवं होऊन शिरणं जमणार नाही त्यांच्यासाठी माळीदादा तिसरा गज काढून ठेवायचं म्हणालेत, पण ते मी लिहिलंय असं कुणाला सांगू नका. पोहे मी आणते, त्यांवर भुरभुरायचं जीरावन मात्र तुमचं तुम्ही आणा, आमच्या घरचं संपलंय.

आपली,
एक आजी
इंदूर